वीस एक की एकवीस? पोरांचं गणित नक्की अडतं कुठे

गठ्ठे_सुटे :
जुनाच विषय परत काढतोय, मार पडणार हे धरूनच लिहितोय. २०१९ च्या जूनमधला राडा आठवतोय ना, बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून? एकवीसच्या जोडीला 'वीस एक', बासष्टच्या जोडीला 'साठ दोन' असं संख्यावाचन आलं आणि चॅनेलवाल्यांनी मराठी मेलीच असं जाहीर करून टाकलं. विधानसभेत अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांना फडणवीस म्हणायचं की फडण दोन शून्य असं विचारलं, सगळे हसले. आता नव्या पद्धतीत वीसला वीसच म्हणायचं होतं त्यामुळे मुळात जोकच गंडलेला होता, पण ते कोण बघतो. जुनी नावं पुस्तकात होतीच, हेही कोणी उघडून बघितलं नाही. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर सांगून सांगून थकल्या की बाबांनो जोडाक्षरांमुळे लहान पोरं घाबरतात, म्हणून हा एक सोपा रस्ता दिलाय.

माझं मत, बाई बरोबर होत्या. त्रेसष्ट म्हटलं की कानावर आधी तीन येतो मग साठ, आणि लिहायचा आधी सहा. पोरगं ३६ लिहितं आणि आपण त्याच्यावर ओरडतो. एकोणसाठ तर कहरच, ऐकू येतो साठ आणि लिहायचं पाचापासून. बरं हे एकोण प्रकरण शिकलं म्हणावं तर एकोणनव्वदपर्यंत चालतं आणि ९९ ला अचानक नव्व्याण्णव. सहा वर्षांच्या पोराने यातून दशक-एकक शोधून काढायचे? 'साठ तीन' म्हटलं की सहा दशक तीन सुटे समोर दिसतात. कानडीत इप्पत्तोंदु म्हणजे सरळ वीस आणि एक, तेलुगूत इरवै ओकटि, तेही तसंच. त्यांची भाषा काय मेली का?

पाटीपेन्सिल :
काय राव, जसं काय आधीच्या पिढ्यांना एकवीस लिहिताच येत नव्हतं. आमच्या शाळेत रोज संध्याकाळी उजळणी असायची, एकावर एक अकरा, एकावर दोन बारा, दोनावर एक एकवीस. यात काय आहे सांगा? दशकाचा अंक आधी, एककाचा नंतर आणि शेवटी नाव, तिन्ही गोष्टी एका दमात. तुमची स्थानिक किंमत तिथेच होती, समिती बसवायची गरज नव्हती. उजळणी बंद पाडली कोणी ते आधी विचारा.

आणि 'वीस एक' ऐकून पोरगं २०१ लिहितं त्याचं काय? वीस लिहिलं, पुढे एक लिहिला, त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे की. एक खड्डा बुजवायला दुसरा खणलात.

गठ्ठे_सुटे :
२०१ होतं, मान्य, पण त्याला उपाय सोपा आहे. २० चं एक कार्ड करायचं आणि त्यातल्या शून्यावर १ चं छोटं कार्ड ठेवायचं, वीस खाली लपलेले आहेत हे पोराला उचलून बघता येतं. ३६ आणि ६३ च्या गोंधळाला असा उपाय तुमच्याकडे आहे का?
बाकी उजळणीत पोरं फक्त चाल म्हणायची हो. मधूनच अडवून 'चारावर सात?' विचारलं की परत पहिल्यापासून सुरू.

राईनकाठची_आई :
जर्मनीत राहते, म्हणून नाक खुपसते. इथेपण मराठीसारखंच उलटं, २१ म्हणजे 'एक आणि वीस'. माझी मुलगी चोवीस ऐकलं की आधी ४ लिहायची आणि मग त्याच्या डावीकडे २. कागदावर दिसायला बरोबर, पण तेच कॅल्क्युलेटरवर दाबलं की ४२. त्स्वान्त्सिगआइन्स म्हणजे 'वीसएक' नावाची इथे एक संघटनाच आहे जी सरळ वाचन मागते, आणि लोक त्यांना हसतात. त्यामुळे मराठी लोकच तेवढे मागासलेले असं काही नाही 😄

पाटीपेन्सिल :
ताई, मग नॉर्वेचं पण सांगा ना. तिथे १९५१ मध्ये सरकारने ठरवून हे बदललं, टेलिफोन नंबर सांगताना गोंधळ होतो म्हणून. आज इतक्या वर्षांनंतरही बरेच लोक बोलताना जुनंच वापरतात. आपल्याकडेपण तेच होणार. पोरगं शाळेत 'साठ नऊ' शिकणार आणि मंडईत भाजीवाली एकोणसत्तर म्हणाली की तोंडाकडे बघत बसणार. इंग्रजी मीडियमची पोरं आत्ताच 'म्हणजे सिक्स्टी नाइन का सेव्हंटी नाइन' विचारतात. आता मराठी शाळेतल्यांनाही तिथेच नेऊन बसवा.

दोन_मुलांची_आई :
इंग्लिशमध्ये सगळं सोपं असतं हा गैरसमज आहे हं. माझा धाकटा फिफ्टीन आणि फिफ्टी मध्ये अजून घोळ घालतो, एटीन आणि एटी तर सोडाच.

बिनभिंतीची_शाळा :
जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, पहिली-दुसरी. दोन्ही बाजू वाचल्या, आणि भांडण नावावर चाललंय हेच मला खटकतंय.

वर्गात मला रोज काय दिसतं ते सांगतो. २७ + १५ चं उत्तर ३१२. दोन आणि एक तीन, सात आणि पाच बारा, दिलं लिहून शेजारी शेजारी. ५२ मधून २७ गेले तर ३५, कारण दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. या पोरांना बावन्न अगदी स्वच्छ वाचता येतं, लिहिताही येतं. तुम्ही 'पन्नास दोन' म्हणा नाहीतर बावन्न, उत्तर ३५ च येणार, कारण त्याच्या लेखी ५ म्हणजे पाचच आहे, पाच दशक नाही. हातचा एक पण तसाच, डोक्यावर एक लिहायचा असं सांगितलंय म्हणून लिहितो, तो एक म्हणजे अख्खे दहा आहेत हे त्याच्या गावीही नसतं.

मी काड्या देतो, दहाचा एक गठ्ठा रबर लावून. ५२ म्हणजे पाच गठ्ठे दोन सुट्या. मग म्हणायचं मला सत्तावीस दे. दोन गठ्ठे देतं, सात सुट्या मागितल्या की म्हणतं नाहीत. इथे शिक्षकाने तोंड बंद ठेवायचं, हेच सगळ्यात अवघड असतं. थोडा वेळ घुटमळून ते स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढतं. आता राहिलेल्या तीनातले दोन गठ्ठे आणि बारा सुट्या, त्यातल्या सात दिल्या, उरले पंचवीस. उसना घेणं म्हणजे हे. असं बरेच दिवस केल्यावर मगच वहीत मांडणी. पण पालकांना पहिल्याच महिन्यात वहीत उभी मांडणी दिसायला हवी असते, नाहीतर सर नुसते खेळवतात.

पाटीपेन्सिल :
सर, पटलं तुमचं. म्हणजे नावं बदलायची गरज नव्हती हेच सिद्ध झालं ना?

बिनभिंतीची_शाळा :
नाही हो, असं कुठे म्हटलं. गठ्ठे मोजताना पोरं आपसूकच 'वीस आणि तीन' म्हणतात, मी तेव्हा अडवत नाही, शेवटी 'म्हणजे तेवीस' एवढं जोडतो. वाचनाची ती एक पायरी म्हणून ठीकच आहे. पण परीक्षेला 'वीस तीन'च म्हण किंवा तेवीसच म्हण असली सक्ती दोन्हीकडून नको.

गठ्ठे_सुटे :
अहो मग पुस्तकात तेच तर होतं, दोन्ही नावं शेजारी शेजारी! २०१९ पासून हेच ओरडतोय. बरं सर, एकशे पाचला १००५ लिहितात त्यावर काय करता? तिथे तर नावात काही उलटं नाही.

बिनभिंतीची_शाळा :
शंभर काड्यांचा मोठा भारा बांधून घेतो त्यांच्याकडूनच, दहा गठ्ठ्यांचा. जमिनीवर खडूने तीन घरं आखायची, भारा, गठ्ठे, सुट्या. एकशे पाच मांडलं की मधलं घर रिकामं राहतं, तिथे काय लिहायचं ते पोरांना विचारायचं. काही जण म्हणतात काहीच नको, मग १५ होतं आणि वर्गात भांडण लागतं. लागू द्यायचं.