सल्ला हवा: राक्षस रडला की राक्षस राहत नाही

दीर्घकथा लिहिते आहे. डोहाच्या तळाशी राहणारा एक जीव, आपल्या जातीतला शेवटचा. पाण्यात उतरलेल्यांना ओढून नेतो. पाच भाग वाचताना मैत्रीण खरंच घाबरली होती. सहाव्यात तो काठावरच्या मुलीला आपल्या मेलेल्या पिलाबद्दल सांगतो, तिथे ती म्हणाली, "हा तो नाहीच. कोणीतरी समजूतदार माणूस बोलतोय." तिचं पटलं. पण ते दुःख काढायचं नाहीये, त्याच्यासाठीच तर कथा सुरू केली. काय वाचू, काय बदलू?

प्रतिसाद १:
मेरी शेलीची 'फ्रँकनस्टाइन' (१८१८) वाचा, मूळ कादंबरीच. त्यातला, एका शास्त्रज्ञाने घडवलेला जीव पानंच्या पानं बोलतो, तरी परकाच राहतो. भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाला न्याहाळत तो भाषा शिकला, हे कळल्यामुळे त्याचं बोलणं त्याचंच वाटतं. त्याच्याशी मायेने बोलतो तो एकटा आंधळा म्हातारा. आणि क्रम बघा: त्या शास्त्रज्ञाच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा, खून तो करतो ते आधी येतं, जीवाची कहाणी नंतर येते. त्यामुळे कळवळा आला तरी खून विसरता येत नाही.
तुमचा जीव बोलायला कुठे शिकला?

धागाकर्ती:
काठावरच्या लोकांचं ऐकून. माझ्या डोक्यात होतं, कथेत कुठेच लिहिलेलं नाही!

प्रतिसाद १:
मग काठावर जेवढं बोललं जातं तेवढेच शब्द त्याला द्या. हाका, दटावणी, "खोल जाऊ नकोस". 'एकटेपणा', 'पश्चात्ताप' हे शब्द त्याने कुठून ऐकले असतील? पिलाचं दुःख त्याला त्या दटावणीतूनच सांगावं लागेल.

प्रतिसाद २:
अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस याची 'अ‍ॅस्टेरियनचं घर' ही १९४७ची छोटी कथा जरूर मिळवा. मिनोटॉर, म्हणजे ग्रीक पुराणातला भूलभुलैयात ठेवलेला बैलाच्या डोक्याचा माणूस, स्वतः बोलतो; अ‍ॅस्टेरियन हे त्याचंच नाव. मी कैदी नाही, दारं उघडीच आहेत, असं ठासून सांगतो आणि दुसरा अ‍ॅस्टेरियन भेटीला आलाय असा खेळ एकटाच खेळतो. आपण दुःखी आहोत असं म्हणत नाही, आपल्याला मात्र पोटात कालवतं. तुमच्याकडे तो मुलीला सगळं उलगडून सांगतो, तिथेच फसलंय असं मला वाटतं.

प्रतिसाद ३:
मी तर तो संवादच काढेन. पिलू गेल्यावर त्याच्या शिकारीत काय बदललं? ओढून नेलेल्यांना तो खातो, की पिलाच्या जागी नुसता ठेवून देतो? असं काही सुचलं तर वाचक शहारेल आणि हळहळेलही. एक विनंती: मुलीने ऐकून घेतलं म्हणून त्याची शिकार थांबवू नका. इतक्या वर्षांची सवय एका रात्रीत सुटली, की आधीचे पाचही भाग खोटे पडतील.

धागाकर्ती:
तो त्यांना ठेवून देतो. हे वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण पहिल्या भागात तळाशी ओळीने मांडलेली हाडं मीच लिहिली होती, का ते न कळता.
संवाद पूर्ण नाही काढणार. एकच वाक्य ठेवते. काठावरच्या आया "खोल जाऊ नकोस" म्हणतात. त्याचं पिलू वर गेलं आणि मेलं, म्हणून पाय ओढताना तो मुलीला म्हणेल, "वर जाऊ नकोस."