अख्खी टर्की घरी भाजताना: तुमचे अनुभव आणि फजित्या

पहिल्यांदा अख्खी टर्की भाजली तेव्हा दिसायला अशी देखणी झाली होती की कापायचं जिवावर आलं. कापली, तर छातीचं मांस म्हणजे नुसता भुसा. पाहुणे "छान झालीये" म्हणत पाण्याचे घोट घेत होते. पुढच्या खेपेला दर लिटरला ६० ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात १६ तास बुडवून ठेवली (थोड्या गरम पाण्यात मीठ विरघळवून, मग बर्फ घालून पूर्ण गार केलं). मांस रसाळ झालं, पण कातडी मऊ पडली आणि ट्रेमधल्या रसाची ग्रेव्ही इतकी खारट की ओतून द्यावी लागली. तुम्ही कसं करता? यशोगाथा चालतील, फजित्या जास्त चालतील.

* * *

मीठ वजनावर घ्या, वाटीने नको. पाककृतीत जाडं मीठ होतं, माझ्याकडे बारीक. वाटी तीच, पण बारीक मीठ दाबून बसतं, त्यामुळे वजन कितीतरी जास्त भरतं. मुलाने एक घास खाल्ला आणि विचारलं, "आई, ही समुद्रात राहायची का?"

* * *

माझी चूक त्याहून बावळटपणाची. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की पक्ष्यात आधीच मिठाचं पाणी टोचलेलं आहे. मी तो परत रात्रभर मिठात बुडवला. लेबल वाचा, एवढंच सांगतो.

* * *

बादलीवाल्यांनो, का एवढा त्रास? मी तीन वेळा पाण्यात बुडवून पाहिली आणि आता फक्त कोरडं मीठ लावते. ५ किलोच्या टर्कीला साधारण ५० ग्रॅम. छातीवरची कातडी बोटांनी अलगद सोडवायची आणि आतूनही मीठ चोळायचं, कारण कातडीवर नुसतं भुरभुरलेलं मीठ मांसापर्यंत नीट पोचत नाही. मग जाळीवर ठेवून, न झाकता, दोन दिवस फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात. खाली ट्रे हवाच, नाहीतर कच्चा रस भाजीवर टपकतो. सुरुवातीला मीठ पाणी ओढून बाहेर काढतं, पक्षी ओला दिसतो आणि आपण घाबरतो. नंतर तेच खारं पाणी आत मुरतं. मिठाने मांसातली प्रथिनं सैलावतात, म्हणून भाजताना ती कमी आवळतात आणि रस आतच राहतो. पाण्यात बुडवलं तरी हेच होतं, पण तेव्हा मांस वरचं साधं पाणीही पिऊन घेतं, चव पातळ होते. आणि फ्रीजमध्ये न झाकता ठेवल्याने कातडी वाळते ती वेगळीच. भाजल्यावर पापडासारखी वाजते! ग्रेव्हीही खारट होत नाही, फक्त वरून मीठ घालण्याआधी चाखायची.

* * *

मिठाच्या आधी बर्फाचं बोला. ६ किलोची गोठलेली टर्की आदल्या दिवशी फ्रीजमध्ये काढून ठेवली आणि निवांत झोपलो. सकाळी दगड. फ्रीजमध्ये दर दोन-सव्वादोन किलोला एक दिवस लागतो, म्हणजे तिला तीन दिवस हवे होते. शेवटी पिशवीसकट गार पाण्यात बुडवली, दर अर्ध्या तासाने पाणी बदललं. अर्ध्या किलोला अर्धा तास, म्हणजे सहा तास सिंकपाशी पहारा. त्या गडबडीत मानेच्या पोकळीतली काळीज-पेट्याची कागदी पुडी काढायची राहिली. तीही भाजून निघाली. पाहुण्यांसमोर सापडली.

* * *

थर्मामीटर घ्या. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता. अमेरिकन कृषी खातं ७४ अंश सेल्सिअस सांगतं. छातीतही तेवढंच बघायचं. गोची अशी की छाती तिथे आधी पोचते आणि मांडी मागे राहते, आणि मांडी तर ८० च्या पुढे गेल्यावरच खरी मऊ होते. म्हणून मी पाठीचा कणा कात्रीने कापून काढतो आणि पक्षी पुस्तकासारखा उघडून चपटा करतो. २२० अंशांवर साडेपाच किलोची टर्की दीड तासाच्या आसपास होते. टेबलावर रुबाबदार दिसत नाही, हे खरं. पण कणा ग्रेव्हीसाठी मिळतो.

* * *

अहो, चपटी केलेली टर्की म्हणजे ट्रकखाली आलेली कोंबडी. मी अख्खीच भाजणार, छातीवर फॉइल टाकून.

* * *

धागाकर्ती परत आले. 😄 यंदा कोरडं मीठ लावलं, फ्रीजमधली दोन शेल्फं रिकामी करावी लागली. घरात त्यावरून भांडण झालं ते सोडा. छाती ७२ अंश असताना काढली, झाकून अर्धा तास ठेवली, आकडा ७५ वर गेला. कातडी खरंच वाजली. ग्रेव्हीत मात्र सवयीने चमचाभर मीठ टाकलंच. हाडं आता पातेल्यात उकळतायत.