मदत हवी आहे: आईची स्मरणपुस्तिका आणि तिचं जुनं बायबल

आईच्या स्मरणार्थ होणाऱ्या उपासनेत वाटायला 16 पानी पुस्तिका करतो आहोत. ए-5 आकार, मध्ये पिना, म्हणून पानं 4 च्या पटीत. फोटो 600 डीपीआयला स्कॅन झालेत. चिकट अल्बममधले ओढले तर मागचा कागद फाटतो, ते पानासकटच घेतले.

खरी अडचण तिच्या बायबलची. रोजच्या वाचनाच्या तारखा, नातवंडा-पणतवंडांचे बाप्तिस्मे, कोणाच्या आजारपणात प्रार्थना केली, सगळं समासात पेन्सिलीने लिहिलेलं. तिचा विश्वास तिथेच दिसतो, त्यामुळे तिच्या अक्षरातली निदान 2 पानं पुस्तिकेत हवीतच. स्कॅनरवर दाबलं तर शिवण सुटेल. दोन्ही बाजूंना उशा लावून, पुस्तक 90 अंशांतच उघडून मोबाइलने फोटो काढले. पेन्सिल पुसट येते आणि फ्लॅश लावला की चमकते. खिडकीचा उजेड पातळ पांढऱ्या कापडातून घेतला तर अक्षर उठेल का? फोटो कृष्णधवल करून काळेपणा किती वाढवावा?

दुसरं, युनिकोड मजकूर छापखान्याच्या जुन्या फॉण्टमध्ये बदलताना ‘प्रार्थना’तला रफार सरकतो. फॉण्ट एम्बेड केलेली, म्हणजे फाइलमध्येच बसवलेली पीडीएफ पुरेल, की अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे आकृत्यांत बदलून द्यावीत?