माती उपसली तरी गाडी का सुटत नाही?
रेल्वेमार्गावर दरड कोसळली की 'ढिगारा हटवला, मग गाडी लगेच का सोडत नाहीत?' असं विचारलं जातं. पाऊस थांबला तरी उतारात मुरलेल्या पाण्याचा दाब बराच काळ टिकतो आणि वरची माती पुन्हा सुटू शकते. खडीत चिखल शिरला असेल तर रुळाखालचा आधारही भरवशाचा नसतो. म्हणून आधी पाहणी, मग डब्यांशिवाय नुसतं इंजिन, नंतर वेगमर्यादा लावून गाड्या. एवढा उशीर मला तरी रास्त वाटतो.

राग येतो तो नियोजनाचा. मागून येणारी गाडी मोठ्या स्थानकातच रोखायला हवी. तिथे पाणी, शौचालय, रस्ता असतो. आडरानात थांबवली की 1200 प्रवाशांसाठी 50 आसनी 24 बस आणायच्या कुठून, आणि (रस्त्यावरही दरड असेल तर) कुठल्या वाटेने?