विषय: पाठशाळेचे पैसे अडले आहेत (पूर्ण वाचून मगच उत्तर द्या)

प्रेषक: मेधा, खजिनदार

नमस्कार मंडळी,

कोकणातल्या आपल्या गावच्या जुन्या वेदपाठशाळेत वाचनालय करायचं म्हणून परदेशातल्या आपल्या मंडळाने जमवलेली रक्कम अजून आपल्याच खात्यात पडून आहे. गावाहून अण्णांनी पाठवलेल्या पाठशाळेच्या ट्रस्टच्या खात्यावर ती टाकता येणार नाही. ट्रस्टच्या सीएंनी स्पष्ट कळवलंय की एफसीआरएची (परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्याची) नोंदणी नसताना आपल्या मंडळाकडून एक रुपयाही घेतला तरी ट्रस्टी अडचणीत येतील. नोंदणी मिळवायची तर संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन वर्षांत तिने कामावर पंधरा लाख रुपये खर्च केलेले हवेत. जुनेपणाचं आपल्याला काय सांगता, पण पंधरा लाख? वर्षभरात पाठशाळेचा मोठा खर्च म्हणजे कौलं परतणं.

आणि उद्या नोंदणी मिळाली तरी पैसे गावच्या बँकेत थेट जात नाहीत. कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर ते आधी दिल्लीला, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेत उतरावे लागतात.

वार्षिक सभेच्या आत काहीतरी ठरवायला हवं. ज्यांनी देणगी दिली ते मला पार्किंगमध्ये गाठून विचारतात.

मेधा

---

प्रेषक: नाना

मेधा, मी हे गेल्या कोजागिरीलाच म्हटलं होतं, तेव्हा सगळे मसाला दुधात गुंतले होते. असो.

पैसे जात नसतील तर पुस्तकं पाठवा! आम्ही जानेवारीत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला जाऊन आलो (अल्बमची लिंक पुन्हा पाठवतो, निम्म्या लोकांनी उघडलेलीच नाही). तिथलं नवं ग्रंथालय बघून मला आपली पाठशाळाच आठवली. समुद्रकिनारा, बंदर, मागे जुनी विद्या. २००२ मध्ये उघडलेली भव्य गोल इमारत, समुद्राकडे तिरकी कललेली, आणि बाहेर अस्वानच्या ग्रॅनाइटची भिंत, जगभरातल्या लिप्यांची अक्षरं कोरलेली. आत वाचनकक्ष पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत जातो. यजमान देशाने एकट्याने केलं नाही हो. युनेस्को आली, १९९० ला अस्वानमध्ये बैठक झाली, अरब देशांनी हात सैल सोडला. आपणही मोठा विचार करायला काय हरकत आहे?

तर मुद्दा असा की माझ्या बेसमेंटमध्ये पुस्तकांची खोकी पहिल्यापासून तयार आहेत. कंटेनरमध्ये जागा कोणाची आहे ते सांगा. सौ. ला तिथे ट्रेडमिल ठेवायचंय.

---

प्रेषक: मेधा, खजिनदार

नाना, पुस्तकंसुद्धा चालणार नाहीत. कायद्यात परदेशी योगदान म्हणजे फक्त रोकड नव्हे, वस्तूही आल्या. कुणाला वैयक्तिक वापरासाठी दिलेली भेट वेगळी, संस्थेला दिलेली खोकी वेगळी.

शिवाय त्या खोक्यांत काय आहे ते मी पाहिलंय. जुन्या टॅक्स गाइड, एक अख्खा विश्वकोश ज्यात सोव्हिएत संघ अजून शाबूत आहे, आणि कुणाच्या तरी मुलाची कॅल्क्युलसची चार टेक्स्टबुकं. हे मराठी माध्यमातली मुलं वाचणार?

---

प्रेषक: बंड्या

मोठा विचार ठीक आहे नाना, पण अलेक्झांड्रियातही इमारत आधी उभी राहिली आणि कपाटं नंतर भरत बसले. जागा ऐंशी लाख पुस्तकांची. २०१० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने एकदम पाच लाख पुस्तकं भेट दिली. म्हणजे अरबी वाचणाऱ्या गावात फ्रेंचचा डोंगर. तुमच्या खोक्यांचीच मोठी आवृत्ती.

आणि तिथल्या मूळच्या, प्राचीन ग्रंथालयाची गोष्ट माहितीय ना? बंदरात गलबत लागलं की राजाची माणसं त्यावरची पुस्तकं उचलायची, नक्कल करायची, मूळ प्रत स्वतः ठेवायची आणि मालकाला नक्कल परत. न्हावा शेवाच्या कस्टम्सने तुमचा विश्वकोश तसा ठेवून घेतला तर माझी काही तक्रार नाही.

ता.क. भारतीय पासपोर्टवाल्यांनी स्वतःच्या बचतीतून, रीतसर बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी योगदानात धरत नाहीत असं मी वाचलंय. तपासाल का?

---

प्रेषक: शुभांगीकाकू

बंड्या, नाना, तुम्ही बंदर आणि ग्रॅनाइटवर बोलताय, पण "वाचनालय" हे नेमकं कोणी ठरवलं? मला कुणी विचारलं नाही, आणि माझे आजोबा त्याच पाठशाळेत शिकले. तिथे पुस्तकं नव्हतीच म्हणा ना. पोथी ओसरीवरच्या पेटीत, आणि ती गुरुजी अडले तर काढायचे. मुलांसमोर कधी उघडायचे नाहीत. वेद तोंडपाठ करायच्या पायऱ्याच तशा: संहिता झाली की पदपाठ, मग क्रम, मग जटा, मग घन. तीच ओळ उलटसुलट इतक्या परीने म्हणायची की मधला एक स्वर चुकला तर लगेच खटकायचा. आजोबा आंघोळीच्या बंबाला जाळ घालतानाही घन म्हणायचे आणि आजी म्हणायची, "पाणी उकळलं तरी यांचा मंत्र उकळेना."

तेव्हा पुनरुज्जीवन करायचं तर पाठ सुरू करा. कपाटं भरून काय मिळणार?

---

प्रेषक: विद्याधर

फक्त काकूंच्या शेवटच्या वाक्यापुरतं.

कोकणात विद्येची जागा म्हणजे पाठच, असं नाही काकू. मी बोरिवलीचा, कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या पायथ्याशी वाढलो. तिथल्या नवव्या शतकातल्या, शिलाहारांच्या काळच्या एका शिलालेखात विहाराला दिलेल्या देणगीची वाटणी कोरलेली आहे: दुरुस्तीला वेगळी रक्कम, भिक्षूंच्या वस्त्रांना वेगळी, आणि पुस्तकांना वेगळी. सगळा पैसा एका टोपलीत टाकलेला नाही. आणि अलीकडचं बघायचं तर रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. म्हणजे वाचनालयही कोकणाला नवीन नाही.

मेधाताई, तुमच्या ताळेबंदात पुस्तकांचं सदर इमारतीपासून वेगळं आहे का? विचारतोय कारण गेल्या वर्षी "इतर" मध्ये बरंच काही होतं.

---

प्रेषक: मेधा, खजिनदार

विद्याधर, "इतर" म्हणजे गणपतीचा हॉल, साउंड सिस्टिम आणि तुमच्याच बायकोने मागवलेले मोदकाचे साचे. पावत्या फाइलमध्ये आहेत, कधीही या.

बंड्याचं बरोबर आहे. भारतीय नागरिक परदेशात राहात असला तरी त्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकेच्या मार्गाने दिलेले पैसे परदेशी योगदान ठरत नाहीत. पण ज्यांनी इकडचं नागरिकत्व घेतलं, त्यांचे ठरतात. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असलं तरी. आणि कुणीही "मी माझ्या भावाच्या खात्यात टाकतो, तो ट्रस्टला देईल" हे डोक्यात आणू नका. ते पळवाट म्हणूनच धरलं जाईल, आणि निस्तरावं भावाला लागेल.

---

प्रेषक: नाना

म्हणजे मंडळ उभं करणारे आम्ही, पाठशाळेचा विषय आधी काढला आम्ही, आणि देणगी देता येणार परवा व्हिसावर आलेल्या मुलांना? दरवाजावर पाटी लागेल तेव्हा त्यावर बंड्याचं नाव आणि आमचं नाही? मी १९८९ मध्ये शपथ घेतली तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं की गावच्या कपाटाला हात लावता येणार नाही.

---

प्रेषक: बंड्या

नाना, पाटीवर तुमचंच नाव टाका, पैसे आमचे. मला घरभाडं देऊन उरलेत तेवढेच देणार आहे, तेव्हा अक्षरं बारीक चालतील.

---

प्रेषक: अण्णा (मुक्काम गावी)

सर्वांना नमस्कार. फेरीबोट सुटेपर्यंत वेळ आहे म्हणून धोपाव्याच्या जेटीवरून लिहितोय. घरी रेंज नाही.

पाटीवर भांडू नका, भिंतीला अजून ओल आहे. पाटी लावायची म्हटली तर चुना सुटतो.

काल ओसरीवरची पेटी मी आणि शाळेचे मास्तर, दोघांनी मिळून उघडली. वर दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, लाल रुमालात बांधलेल्या पोथ्या. बाहेरून अगदी ठीक. रुमाल सोडला आणि पहिलंच पान उचललं तर कसरीने मधोमध नागमोडी गल्ली काढलेली, आणि ती अशी आरपार की खालच्या दहाबारा पानांत तीच गल्ली. काही पानं एकमेकांना चिकटलीत, ती ओढू नका असं मी मास्तरांना दोनदा सांगितलं. कोकणातला पावसाळा चार महिने, आणि या चार महिन्यांत कागद भिजत नाही, कागद फुगतो. ती पानं आधी फोटो काढून जपायला हवीत. घन म्हणणारा इकडे आता कुणी उरला नाही, शुभांगीताई. शिकायला कोणी बसलं तर मी स्वतः चटई अंथरीन.

वाचायला कोण येणार ते मी विचारलं. दहावी-बारावीची मुलं म्हणाली, संध्याकाळी बसायला जागा द्या, पंखा द्या, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं द्या. इंटरनेट आहे का, हा प्रश्न पहिला. बायकांचं म्हणणं, मासिकं आणि दिवाळी अंक, पण दुपारी दोन ते चार उघडं हवं, कारण तेव्हाच मोकळ्या असतात. म्हणजे कुणीतरी किल्ली घेऊन बसणारं पाहिजे. इमारत आहे, कपाटं होतील, पण तो माणूस महिन्याच्या महिन्याला पगाराविना किती दिवस बसेल? ड वर्गाची (सरकारमान्य वाचनालयांतल्या सगळ्यात खालच्या वर्गाची) मान्यता मिळवून सरकारी अनुदान लागू करून घ्यायचं म्हटलं तरी आधी वाचनालय चालवून दाखवावं लागतं, सभासद, नोंदवही, पुस्तकसंख्या सगळं.

आणखी एक. कपाटं तळमजल्यावर ठेवू नका. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ ला पाणी शिरलं आणि जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा. तिथली किती जुनी पुस्तकं चिखलात गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडे पूर येत नाही, पण ओल जमिनीतून वर येते. जांभ्याच्या जोत्यावर लाकडी फडताळ, भिंतीपासून चार बोटं सुटं. सुतार सांगून ठेवलाय.

बोट आली. नानाला सांगा, विश्वकोश ठेव तुझ्याकडेच.

---

प्रेषक: शुभांगीकाकू

अण्णा, चटई कोणती अंथरणार, आमच्या घरची पिवळी? ती पाठशाळेला दिलेली नव्हती, नुसती वापरायला दिलेली. बाकी पानांना कापूर आणि वेखंड ठेवा, डांबराच्या गोळ्या नकोत.

---

प्रेषक: मेधा, खजिनदार

ठरलं असं:

ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी आपलं नाव मला वैयक्तिक मेलवर कळवावं, या यादीवर नको. पैसे स्वतःच्या खात्यातून थेट ट्रस्टच्या खात्यात, मंडळाच्या खात्यातून नव्हे. पावती ट्रस्ट देईल. पहिला हप्ता किल्लीवाल्या माणसाच्या पगारासाठी आणि फडताळासाठी.

इतरांनी दिलेली रक्कम त्यांच्या संमतीने परत करते. ती ठेवून ट्रस्टतर्फे या एकाच कामापुरती सरकारची पूर्वपरवानगी मागायची का, हे वार्षिक सभेत बघू. दिल्लीकडून उत्तर यायला वेळ लागेल, तेव्हा ज्यांना घाई आहे त्यांनी परत घ्यावी.

खोकी नानांच्या बेसमेंटमध्येच राहतील. ट्रेडमिलचं वहिनींनी माझ्याशी बोलावं.

---

प्रेषक: बंड्या

माझा पासपोर्ट भारतीय आहे.

---

प्रेषक: मेधा, खजिनदार

बंड्या, यादीवर नको म्हटलं होतं.