मदत हवी आहे: कपाशीच्या मर रोगाला प्रतिकार, एक जनुक की दोन?

देशी कपाशीचा मर-प्रतिकारक वाण आणि मरला बळी पडणारा वाण यांचा संकर केलाय. एफ-१ची (संकराच्या पहिल्या पिढीची) सगळी झाडं निरोगी राहिली. एफ-२मध्ये (एफ-१च्या स्वपरागणातून आलेल्या पुढच्या पिढीत) १६० रोपांपैकी ९८ टिकली, ६२ मेली. एकच प्रभावी जनुक असतं तर ३:१ ने साधारण १२० टिकायला हवी होती. काई-वर्ग (आकडे अपेक्षित प्रमाणाशी जुळतात का ते पाहणारी चाचणी) काढला, ३:१ अजिबात बसत नाही, ९:७ बसतं, म्हणजे प्रतिकाराला दोन प्रभावी जनुकं एकत्र लागत असावीत.

मेलेल्या रोपांची खोडं चिरून पाहिली, आत तपकिरी रेषा आहेत आणि बुरशी फ्युजेरियमच निघाली, व्हर्टिसिलियम (असाच मर आणणारी दुसरी बुरशी) नाही. बळी पडणाऱ्या वाणाची तुलनेसाठी लावलेली रोपं सगळी मेली, म्हणजे लागण पुरेशी होती.

घोळ मातीचा आहे. रोगट शेतातली माती निर्जंतुक न करता वापरली (चूक माझीच). काही मुळांवर गाठी दिसल्या. या गाठी करणाऱ्या सूत्रकृमींनी (मातीतल्या बारीक कृमींनी) मुळं जखमी केली की मर वाढतो, त्यामुळे प्रतिकारक रोपंही गेली असतील का, ही शंका आहे. प्रतिकारक वाणाची रोपं मात्र त्या मातीत लावलीच नव्हती.

मार्करची (जनुक ओळखणाऱ्या डीएनए-खुणांची) सोय नाही, बीही थोडंच उरलंय. अशा वेळी आधी निर्जंतुक मातीत नुसती बुरशी घालून एफ-२ पुन्हा तपासू, की एफ-१चा बळी पडणाऱ्या वाणाशी प्रतिसंकर करून टिकलेली:मेलेली १:१ (एक जनुक) येतात की १:३ (दोन जनुकं) ते पाहू?