विषय: तिसरा दिवस, दूध पुरतंय का?

नमस्कार मंडळी,
परवा बाळ झालं. हिला जेमतेम चमचाभर घट्ट, पिवळसर दूध येतंय आणि बाळाचं वजन उलट उतरलंय. नातेवाईक म्हणतात, वरचं दूध सुरू करा. हिला अंगावरच पाजायचंय. आमच्या हट्टापायी बाळ उपाशी तर राहत नाहीये ना?
– नवा बाबा

अभिनंदन!
चमचाभर आलंय तो चीक आहे, आणि बाळाचं पोटही तेवढंच इवलंसं आहे. चिकात प्रतिपिंडं, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिनं, ठासून भरलेली असतात. ती आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात, जंतूंना चिकटू देत नाहीत. गंमत म्हणजे आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं असतात! अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, कानाचे आणि छातीचे संसर्ग कमी होतात, झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही घटतो. बुद्ध्यांक वाढतो वगैरे गप्पा मी जरा बाजूलाच ठेवते, त्यात घरची परिस्थितीही मिसळलेली असते.

वजन सुरुवातीला सात टक्क्यांपर्यंत उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं. दहाच्या घरात गेलं तर मात्र लगेच दाखवा. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजू दे, घड्याळ बघू नका. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं. नुसतं बोंड नव्हे, भोवतालचा काळसर भागही तोंडात गेला पाहिजे. पाजताना सारखं दुखत असेल तर पकड चुकतेय. पाचव्या दिवसानंतर रोज निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, आणि काळी शी पिवळी व्हायला हवी.

बाळ सुस्त पडलं, प्यायला उठेना, कातडी पिवळी दिसली, तर थांबू नका. डॉक्टरांनी वरचं दूध द्या म्हटलं तर द्या. त्यात आईनं स्वतःला दोष द्यायचं काही कारण नाही.
– डॉक्टरकाकू

काकू, जीव भांड्यात पडला. मधूनमधून पाणी पाजायचं का? आणि हिला सर्दी झालीये, पाजणं थांबवायचं?
– नवा बाबा

पाणी सहा महिने अजिबात नको. दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. मध तर वर्षभर नाही. सर्दीत पाजत राहू दे, फक्त हात धुऊन, मास्क लावून. तिच्या शरीरात त्या जंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडं बनताहेत, ती दुधातून बाळालाही मिळतील. ड जीवनसत्त्व मात्र आईच्या दुधात कमी असतं, म्हणून थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा. सहसा रोज ४०० युनिट देतात.
– डॉक्टरकाकू